आउगुस्टेच्या मेंदूत काय साचलं होतं

26 नोव्हेंबर 1901, मंगळवार. तुम्ही फ्रँकफर्ट शहराच्या कडेला एका उंचवट्यावर उभे आहात. समोर टोकदार कमानींची, मनोऱ्यांची लांबलचक इमारत आहे. गावातले लोक तिला वेड्यांचा किल्ला म्हणतात. पुढे ही इमारत पाडली जाईल आणि त्या जागेवर एका मोठ्या रसायन कंपनीचं मुख्यालय उभं राहील. पण आज ती मनोरुग्ण आणि अपस्माराच्या रुग्णांनी भरलेली आहे. तुम्ही कोणालाही दिसत नाही, त्यामुळे दारावर कोणी हटकत नाही. थेट आत चला.

एका खोलीत पलंगाच्या कडेला एक बाई बसली आहे. वय 51. चेहरा असा, की आपलं काहीतरी हरवलंय हे कळतंय पण काय ते सांगता येत नाही. कालच तिला नवऱ्याने इथे आणून सोडलं. तिच्यासमोर एक धिप्पाड डॉक्टर बसला आहे, नाकावर चिमटा-चष्मा, हातात लेखणी. त्याचं नाव अलॉइस आल्त्सहायमर. आपण आज त्याला अल्झायमर म्हणतो.

"तुमचं नाव?"

"आउगुस्टे."

"आडनाव?"

"आउगुस्टे."

"तुमच्या यजमानांचं नाव काय?"

ती थांबते. "आउगुस्टे, असं वाटतं."

"तुमचे यजमान?"

"हां, माझे यजमान..." पुढे काही येत नाही. प्रश्न तिच्यापर्यंत पोचलाच नाही, हे तुम्हाला स्पष्ट दिसतं.

इथे येऊन किती दिवस झाले, असं विचारल्यावर ती म्हणते, तीन आठवडे. दुपारी जेवण येतं. ताटात फ्लॉवर आणि डुकराचं मटण. काय खाताय, असं डॉक्टर विचारतो. ती सांगते, पालक. डॉक्टर तिला पेन्सिल दाखवतो, पेन दाखवतो, पैशांची पिशवी, सिगार. सगळ्यांची नावं ती बरोबर सांगते. थोड्या वेळाने तो विचारतो, मघाशी काय काय दाखवलं होतं? काहीच आठवत नाही. मग तो तिला स्वतःचं नाव लिहायला सांगतो. 'श्रीमती' एवढं लिहून होतं आणि हात थांबतो. पुढचा प्रत्येक शब्द तिला नव्याने सांगावा लागतो. या दिवसांत ती पुन्हा पुन्हा एकच गोष्ट बोलून दाखवते, की मी मलाच हरवून बसले आहे.

आता बाईवरून नजर काढून डॉक्टरच्या कागदाकडे बघा. तो निदान लिहून मोकळा होत नाहीये. आपण काय विचारलं आणि तिने काय उत्तर दिलं, हे तो शब्दाला शब्द उतरवतोय. चुकीचं उत्तरही तसंच. पालक म्हणाली, तर पालक. शेकडो रुग्ण सांभाळणाऱ्या रुग्णालयात हे करणारा माणूस विरळा. या दुखण्याबद्दल पुढच्या सव्वाशे वर्षांत जे काही कळलं, त्यातलं पहिलं पान हे आहे, असं मला मनापासून वाटतं. सूक्ष्मदर्शकाची पाळी नंतर आली.

तिच्या घरी काय घडलं होतं, तेही ऐकून घ्या. नवरा कार्ल डेटर रेल्वेच्या कचेरीत कारकून. लग्नाला पंचवीस वर्षं उलटून गेलेली, एक मुलगी, सुखाचा संसार. या वर्षीच्या मार्चपासून बाईचं बिनसलं. तुमचं शेजारणीशी काहीतरी आहे, असा तिने नवऱ्यावर एकाएकी संशय घेतला. मग स्वयंपाक चुकू लागला. वस्तू भलतीकडे लपवून ठेवायच्या आणि मग सापडत नाहीत म्हणून घर पालथं घालायचं. विनाकारण खोल्यांतून येरझारा. घरी येणारा एक गाडीवान आपलं काही वाईट करणार, अशी भीती. तुमच्या ओळखीतल्या एखाद्या घरात यातलं काहीच घडलं नसेल, तर तुम्ही भाग्यवान.

सत्तरी-ऐंशीतल्या माणसाचं असं झालं असतं, तर 1901 च्या डॉक्टरांनी वय झालं म्हणून सोडून दिलं असतं. ही बाई पन्नाशीची. म्हणून अल्झायमर अडखळला, आणि त्याने तिची पाठ सोडली नाही. तो स्वतः तेव्हा 37 वर्षांचा होता. याच वर्षी फेब्रुवारीत त्याची बायको गेली होती, घरी तीन लहान मुलं होती. दिवसरात्र कामात बुडून राहणारा हा माणूस दुःखावर उतारा शोधत होता की काय, कोण जाणे.

पुढची साडेचार वर्षं पाहायला अवघड आहेत. ती रात्री अंथरूण ओढत फिरते, इतर रुग्णांना चाचपडते, तासन् तास ओरडते. तिला शांत करायला कोमट पाण्याच्या टबात बराच वेळ बसवून ठेवतात. मग तिचं बोलणं अस्पष्ट होतं, मग थांबतं. शेवटी ती गुडघे पोटाशी घेऊन पडून राहते. 8 एप्रिल 1906 रोजी, पाठीला पडलेल्या जखमांतून रक्तात विष भिनून ती जाते. छप्पन्न पूर्ण व्हायला महिन्याहून थोडे जास्त दिवस राहिलेले.

आता तुम्ही म्युनिकला या. तोच 1906 चा वसंत. अल्झायमर मधल्या काळात इथे एमिल क्रेपेलिनच्या मनोरुग्णालयात आला आहे. प्रयोगशाळेत सिगारचा वास भरलेला. हा डॉक्टर एकेका विद्यार्थ्याच्या सूक्ष्मदर्शकापाशी बसून शिकवतो, बोलता बोलता हातातली सिगार तिथेच ठेवतो आणि पुढच्या टेबलाकडे जाताना नवी पेटवतो. संध्याकाळी प्रत्येक टेबलावर एक अर्धवट थोटूक उरतं, असं त्याचे विद्यार्थी पुढे सांगत.

फ्रँकफर्टहून आउगुस्टेचा मेंदू इथे पोचला आहे, आणि सोबत तिची कागदपत्रंही. अल्झायमरने ती मुद्दाम मागवून घेतली. त्याच्याबरोबर पेरुसिनी आणि बॉनफिल्यो हे दोन इटालियन डॉक्टर कामाला लागले आहेत. मेंदू नेहमीपेक्षा आक्रसलेला आहे. त्याचे अतिशय पातळ काप काढले जातात. बर्लिनच्या माक्स बिल्शोव्स्कीने काही वर्षांपूर्वीच एक रीत काढली आहे. कापावर चांदीच्या क्षाराची प्रक्रिया केली, की चेतापेशीतले केसासारखे धागे काळे होऊन उठून दिसतात. हीच रीत इथे वापरली आहे.

डोळा भिंगाला लावा.

पेशींच्या दाटीत मध्येच ठिकठिकाणी डाग दिसतात. मेंदूच्या बाहेरच्या थरात, विशेषतः वरच्या पापुद्र्यांत, ते सगळीकडे विखुरले आहेत. खसखशीच्या दाण्याहूनही कितीतरी लहान. तिथे कोणतातरी वेगळाच पदार्थ साचला आहे, एवढं कळतं. तो काय, हे 1906 मध्ये कोणालाच सांगता येणार नाही. डाग पेशींच्या बाहेर आहेत, पेशींच्या मधल्या जागेत.

काच जराशी सरकवा. आता पेशीच्या आत बघा. एका पेशीत, बाकी सगळं ठीक असताना, एकच धागा नको तितका जाड आणि काळा झालाय. बाजूच्या पेशीत असे अनेक धागे एकत्र येऊन त्यांची जुडी झाली आहे. तिसरीकडे पेशीचं केंद्रक विरून गेलंय, कड मोडली आहे. आणि चौथीकडे पेशीच नाही. जिथे ती होती तिथे फक्त धाग्यांचा गुंता उरला आहे.

इथे जरा रेंगाळा. अल्झायमरचं मोठेपण मला या ठिकाणी दिसतं. मेलेल्या मेंदूत काळ थांबलेला असतो. पण एकाच वेळी मेलेल्या हजारो पेशी आजाराच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर होत्या. कोणी नुकती आजारी पडलेली, कोणी अर्ध्यावर, कोणी संपलेली. त्याने त्यांना क्रमाने लावलं आणि थांबलेल्या काळातून आजाराची चाल वाचून काढली. तुम्ही इतकी वर्षं ओलांडून इथे आलात. त्याने तोच प्रवास एका काचेवर केला.

3 नोव्हेंबर 1906. ट्युबिंगन गावात नैर्ऋत्य जर्मनीतल्या मनोविकारतज्ज्ञांची बैठक भरली आहे. अल्झायमर उठतो आणि सांगतो, की एका मध्यमवयीन बाईला असा असा आजार झाला, आणि तिच्या मेंदूत पेशींबाहेर हे डाग आणि पेशींच्या आत हे गुंते सापडले. तो चित्रं दाखवतो. बोलणं संपतं. अध्यक्ष आल्फ्रेड होखे सभेकडे पाहतात. एकही प्रश्न नाही. चर्चेची गरज दिसत नाही असं म्हणून ते पुढच्या वक्त्याला बोलावतात. तुमच्या घशाशी प्रश्न दाटले असतील, पण इथे तुमचा आवाज कोणाला ऐकू जाणार नाही.

चार वर्षांनी क्रेपेलिनने आपल्या पाठ्यपुस्तकात या दुखण्याला 'अल्झायमरचा आजार' असं नाव दिलं. 1915 च्या डिसेंबरात अल्झायमर वारला, तेव्हा तो 51 वर्षांचा होता. आउगुस्टे त्याच्यासमोर पहिल्यांदा बसली तेव्हा तिचं वय हेच होतं.

पुढची पन्नास वर्षं तुम्ही भराभर ओलांडा, कारण या काळात एक चुकीची समजूत घट्ट होत गेली. अल्झायमर म्हणजे साठीच्या आत होणारा दुर्मीळ आजार, आणि म्हाताऱ्यांचं विसरणं म्हणजे वयाचा दोष, अशी विभागणी झाली. ती मोडली 1960 च्या दशकात, इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहरात. ब्लेसेड, टॉमलिन्सन आणि रॉथ या तिघांनी वृद्ध रुग्णांच्या स्मृतीच्या चाचण्या घेऊन ठेवल्या आणि मृत्यूनंतर त्यांचे मेंदू तपासले. स्मृतिभ्रंश झालेल्या बहुतेक म्हाताऱ्यांच्या मेंदूत आउगुस्टेच्या मेंदूतले तेच डाग, तेच गुंते. म्हणजे घरोघरी ज्याला म्हातारपण म्हणून मान्य केलं होतं, तो आजार होता.

1984, सॅन दिएगो. प्रयोगशाळेत जॉर्ज ग्लेनर आणि काएन वाँग हे दोघे मृत रुग्णांच्या मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांमधून साचलेला पदार्थ वेगळा काढत आहेत. अल्झायमरला ज्याचं नाव सांगता आलं नव्हतं, तो पदार्थ त्यांच्या हाती लागला. एक छोटंसं प्रथिन. आज त्याला बीटा अमायलॉइड म्हणतात. लगेच त्यांनी डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींच्या मेंदूतही तेच प्रथिन दाखवलं आणि अंदाज बांधला, की याचं जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर असणार, कारण डाउन सिंड्रोममध्ये तेच एक जास्तीचं असतं. तीन वर्षांत तो अंदाज खरा ठरला. ग्लेनर 1995 मध्ये गेला. त्याच्या हृदयात अमायलॉइड साचलं होतं. प्रथिन वेगळं, पण गोठण्याची तऱ्हा तीच. ज्याच्या मागे त्याने आयुष्य घातलं, त्यानेच त्याला नेलं.

आता इतके लहान व्हा, की चेतापेशीचं आवरण तुमच्यासमोर भिंतीएवढं होईल. त्या आवरणातून एक लांब प्रथिन आरपार गेलेलं आहे. दोन विकरं येतात आणि ते दोन ठिकाणी कापतात. मधला तुकडा सुटून बाहेर पडतो. हेच बीटा अमायलॉइड. ते तुमच्या मेंदूत आत्ता तयार होतंय, माझ्याही. ते असणं हा आजार नव्हे. एरवी ते वाहून जातं, मोडलं जातं. पण काप कुठे पडतो त्यावरून तुकड्याची लांबी ठरते. चाळीस अमिनो आम्लांचा तुकडा त्या मानाने निरुपद्रवी. बेचाळीसचा चिकट. दोन अमिनो आम्लांचा फरक. तो चिकट तुकडा घडी बदलतो, सपाट होतो, दुसऱ्यावर जाऊन बसतो, त्यावर तिसरा. आधी लहान गुच्छ बनतात. तेच चेतापेशींच्या सांध्यांना सर्वांत जास्त जाचतात, असं अनेक संशोधकांना वाटतं. मग ते गुच्छ एकत्र येऊन डाग होतो. हे सारं पहिला शब्द विसरण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी सुरू झालेलं असतं.

पेशीच्या आत वेगळं प्रथिन आहे, टाऊ. गुंते त्याचे आहेत, हे 1980 च्या दशकाच्या मध्यावर कळलं. न्यूयॉर्कमध्ये खालिद इक्बाल आणि इंगे ग्रुंडके-इक्बाल या पतीपत्नींचं त्यात मोठं काम आहे. कार्ल डेटरला कळेल अशा शब्दांत सांगायचं, तर चेतापेशीच्या लांब शेपटीतून माल नेणारे रूळ असतात, आणि टाऊ म्हणजे ते रूळ जागच्या जागी धरून ठेवणारे स्लीपर. आजारात टाऊवर फॉस्फेटचे गट नको तितके चिकटतात, ते रुळांपासून सुटतं आणि एकमेकांत पिळून बसतं. रूळ विस्कटतात, माल थांबतो, पेशी मरते. त्यातही वाईट म्हणजे बिघडलेलं टाऊ शेजारच्या पेशीत पोचून तिथल्या चांगल्या टाऊलाही बिघडवतं. सुरुवात होते ती नव्या आठवणी घडवणाऱ्या भागाच्या उंबऱ्यावर. म्हणून आउगुस्टेला पेन्सिलीचं नाव येत होतं, पण पेन्सिल दाखवली होती हे आठवत नव्हतं.

इथपर्यंत गोष्ट सरळ वाटते. गुठळ्या झाल्या, मेंदू गेला. ती इतकी सरळ नाही, हे पाहायला अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या मँकेटो गावी, टेकडीवरच्या मठात चला. 1986 मध्ये डेव्हिड स्नोडन हा संशोधक इथे आला. पुढे सात मठांतल्या 678 जोगिणी त्याच्या अभ्यासात सामील झाल्या. दरवर्षी स्मृतीच्या चाचण्या द्यायच्या आणि मृत्यूनंतर मेंदू दान करायचा, हे त्यांनी कबूल केलं. पूर्ण आयुष्य शिकवण्यात घालवलेल्या या बायकांनी शेवटचं दानही शिक्षणासाठीच केलं. त्यांच्यापैकी सिस्टर मेरी 101 वर्षं जगल्या. शेवटच्या चाचण्यांतही त्यांची उत्तरं चांगली होती. मेंदू तपासला तर तो डागांनी आणि गुंत्यांनी भरलेला.

सिस्टर मेरींचा हा मेंदू मनात ठेवूनच पुढचं सगळं वाचायला हवं. टाऊचे गुंते जसे पसरतात तशी स्मृती ढासळते, हे पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. अमायलॉइडच्या डागांचं स्मृतीशी नातं त्याहून सैल आहे. पण आनुवंशिक अल्झायमर असलेल्या कुटुंबांत दोष सापडतो तो अमायलॉइड घडवणाऱ्या जनुकांतच. ठिणगी बहुधा अमायलॉइडची, आग टाऊची. आणि ती किती पसरणार, हे रक्तवाहिन्या कशा आहेत, मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशी काय करतात, माणसाने आयुष्यभर मेंदूची किती जुळणी करून ठेवली आहे, यावरही ठरतं. गुठळी म्हणजेच आजार, असं म्हणणाऱ्यांनी सिस्टर मेरींचा मेंदू विसरू नये. गुठळ्यांचा काही संबंधच नाही, असं म्हणणाऱ्यांनी आउगुस्टेचा.

21 डिसेंबर 1995. फ्रँकफर्ट विद्यापीठाच्या रुग्णालयाच्या संग्रहात कोनराड माउरर आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या हाती निळ्या पुठ्ठ्याची एक फाईल येते. नव्वदेक वर्षं ती कोणाला सापडली नव्हती. आत 32 पानं. अल्झायमरच्या हातचे प्रश्न, आउगुस्टेची उत्तरं, तिने अर्धवट लिहिलेलं स्वतःचं नाव. तिकडे म्युनिकमध्ये त्याच दशकात मानुएल ग्रेबर या संशोधकाला तिच्या मेंदूच्या काचा मिळतात, अडीचशेहून जास्त. शतकाअखेरचे तज्ज्ञ त्यांवर डोळा लावतात. डाग आहेत, गुंते आहेत. अल्झायमरने जे पाहिलं ते जसंच्या तसं.

आता परत या, आपल्या काळात. 2022 च्या शेवटी लेकानेमॅब नावाच्या औषधाचा निकाल आला. अमायलॉइडच्या गुच्छांना धरून ते मेंदूतून हटवणारी ही प्रतिपिंडं आहेत. आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या 1,795 लोकांवर ते अठरा महिने तपासलं गेलं. डाग खूप घटले. स्मृतीची घसरण थांबली नाही, पण 27 टक्क्यांनी मंदावली. औषध घेणाऱ्या दर आठांमागे साधारण एकाच्या मेंदूत सूज दिसली, काहींच्या मेंदूत सूक्ष्म रक्तस्राव. फायदा लहान आहे, औषध महाग आहे, धोका खरा आहे. तरीही, ट्युबिंगनच्या त्या सभेत ज्या डागांवर कोणी एक प्रश्नही विचारला नाही, ते डाग हटवता येतात आणि हटवल्याने थोडा का होईना फरक पडतो, हे पहिल्यांदा ठोसपणे दिसलं. मी याला लहान गोष्ट म्हणणार नाही.

भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा 2023 मधल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यांतल्या कित्येकांच्या घरी याला आजही म्हातारचळ म्हणतात. सुनेवर चोरीचा आळ घेणारी सासू, नवऱ्यावर संशय घेणारी बायको, घराचा रस्ता चुकलेले आजोबा यांच्या स्वभावाला दोष दिला जातो, त्यांच्यावर ओरडलं जातं. त्यांच्या मेंदूत काय चाललंय ते तुम्ही आता पाहून आला आहात.

म्हणून सांगणं इतकंच. घरातलं कोणी तेच तेच विचारू लागलं, रोजच्या स्वयंपाकात चुकू लागलं, ओळखीच्या गल्लीत हरवू लागलं, तर त्यांना मेंदूविकारतज्ज्ञाकडे किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य यांमुळेही विसरणं वाढतं, आणि त्यावर उपचार आहेत. जाताना एक वही न्या. काय विचारलं, काय उत्तर आलं, कधीपासून असं होतंय, हे त्यांच्याच शब्दांत लिहिलेलं असू द्या. डॉक्टरला त्याहून उपयोगी दुसरं काही नसतं. स्वतः चाळिशीत असाल तर रक्तदाब, साखर आणि कान तपासून घ्या. टाळता येण्याजोगी चौदा कारणं सांभाळली तर जगातला 45 टक्क्यांपर्यंत स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल, असं 'लॅन्सेट' आयोगाने 2024 मध्ये म्हटलं आहे. आणि घरी सांभाळताना हात टेकायची वेळ आली, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक 14567 आहे.